दार न सोडणाऱ्यांचं घराणं

२६ ऑक्टोबर १९९२, पाडवा. लातूर.
आजपासून रोजनिशी. आजपासूनच ग्रंथ. दोन्ही एकदम सुरू केलेलं बरं. एक दमलं की दुसरं त्याला ओढेल.
ग्रंथाचं नाव नक्की : 'बोरगव्हाणचं देशमुख घराणं : साधार इतिहास'. 'साधार' हा शब्द महत्त्वाचा. आधार गोळा करायचे आहेत.
ही वही कुणी वाचायची नाही. तरी शिस्त म्हणून नोंद : मी शिवलिंग बोरगव्हाणे, वय सत्तेचाळीस, ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवतो. आमचे पूर्वज बिदरच्या दरबारात मान असलेले, बावीस गावांचे देशमुख. आता गावी चुलतभाऊ सिद्रामप्पा आणि केवळावहिनी, थोडी जमीन, एक दगडी घर. बावीस गावं कुठं गेली, हाच ग्रंथाचा विषय.
संकल्प : पहाटे चारला उठणे. रोज दोन पानं. चहा दोनदाच. सही यापुढे 'बोरगव्हाणे-देशमुख' अशी.
शेवटचा संकल्प आजच अमलात आणला. दूधवाल्याच्या कार्डावर.

२७ ऑक्टोबर.
साडेसातला जाग. पाडव्याचं जेवण जड झालं होतं. उद्यापासून.

८ नोव्हेंबर, रविवार. बोरगव्हाण.
साधनं गोळा करायला गावी आलो. आप्पा (सिद्रामप्पाला सगळे आप्पाच म्हणतात) माझ्याहून बारा वर्षांनी मोठा, पण मान मला देतो. शिक्षणाला देतो.
गावात भलतंच वातावरण. दसऱ्याच्या आगेमागे जमिनीतून आवाज यायला लागलाय म्हणे. खालून जड बैलगाडी गेल्यासारखा. उतरंडीची मडकी वाजतात. अर्धं गाव लेकरंबाळं घेऊन शेतात झोपून राहिलंय. वहिनींनी विचारलं, हे काय असंल भावजी? मी समजावलं : दख्खनचा कातळ हा जगातला सगळ्यात स्थिर कातळ. शाळेच्या भूगोलात आहे. आवाज येतो तो आपल्या पूर्वजांच्या पेवांचा. जमिनीखालची धान्याची कोठारं ती, जुनी झाली, आतल्या आत ढासळत असणार. आप्पाला लगेच पटलं. वहिनींनी उतरंडीची मडकी एकेक करून खाली जमिनीवर उतरवून ठेवली. त्यांचं शिक्षण चौथी.
दुपारी आवाज मीही ऐकला. ओसरीत लिहीत बसलो होतो. पायाखालून काहीतरी सरकत गेलं आणि माळवदाची, म्हणजे वरच्या धाब्याची, माती कागदांवर पडली. कागद झटकले, पुढे लिहिलं. इतिहासकाराला एवढी स्थिरता हवीच.

१३ डिसेंबर.
प्रकरण पहिलं पूर्ण. पाच पानं. रोज दोनच्या हिशोबानं जास्त व्हायला हवी होती, पण दर्जा बघायचा की ढीग?
मूळपुरुष वीरप्पा नाईक. बहमनी सल्तनत मोडत होती, जो तो आपापला तुकडा ओढत होता, तेव्हा हा बिदरकडे राहिला आणि देशमुखी मिळवली. बोरगव्हाणला तट घातला, मोठा दरवाजा बसवला. मग विजापूरची फौज येतेय अशी खबर आली. कारभाऱ्यानं सांगितलं, नाईक, बिदरला निघू, फौज गेली की परत येऊ. वीरप्पा म्हणाला, बोरगव्हाणे दार सोडत नाहीत. दारातच पडला. लिहिताना माझ्या अंगावर काटा आला.
(बायको गौराईनं पोराला कडब्याच्या गाडीत दडवून उदगीर गाठलं. हे तळटिपेत.)
वीरप्पाचं वाक्य ग्रंथाच्या पहिल्या पानावर मोठ्या टायपात घ्यायचं. वाक्य मला भाटाकडून मिळालं. भाटाला वडिलांकडून. भाटाच्या वडिलांना कुठून, हे विचारायचं राहिलं, ते वारले.

२४ जानेवारी १९९३.
नवीन वर्षाचे संकल्प लिहायचे राहिले. जुनेच चालू ठेवतो, त्यांचा तसा वापर झालेला नाही.
सौ. उमानं क्लासच्या पोरांचे डबे सुरू केले. लातुरात आता गल्लोगल्ली क्लासेस. नांदेड, देगलूर, अहमदपूर, सगळीकडून पोरं येऊन खोल्या घेऊन राहिलीत, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. त्यांना भाकरी कोण घालणार, तर देशमुखांची सून. मी घराण्याची परंपरा समजावून सांगितली. तिनं शांतपणे ऐकलं आणि वांगी चिरायला माझ्याकडे सरकवली. चिरली. पण मनातून निषेध.

७ मार्च.
प्रकरण दुसरं. कडब्यातला तो मुलगा मल्लप्पा मोठा होऊन परतला. तट दुप्पट उंच केला. त्याचे दोन मुलगे, सोमप्पा आणि बसप्पा. बाप गेल्यावर महाशिवरात्रीला जंगमस्वामींनी पहिली विभूती कुणाच्या कपाळाला लावायची, यावरून वाकडं आलं. स्वामी म्हणाले, दोघांतल्या एकानं आठ दिवस पाहुण्याच्या गावी जा, डोकी निवतील. दोघंही म्हणाले, दार सोडणार नाही. त्याच उंबऱ्यात एकाच सकाळी दोघं भाऊ पडले. विभूती कुणालाच लागली नाही.
बसप्पाची बायको दोन्ही घरची पोरं घेऊन माहेरी देगलूरला गेली. तळटीप.
घराण्याचा ताठपणा बघून ऊर भरून येतो. काल कॉलेजात हे प्रकरण अकरावीच्या वर्गाला वाचून दाखवलं. वर्गात नऊ जण. त्यातले दोघं फिजिक्सची गणितं करत होते, ते आमच्या वर्गाचे नव्हतेच, पंख्याखाली बसायला आले होते.

२८ मार्च. बोरगव्हाण.
आप्पा आणि वहिनींनी शिमग्यानंतर शेतात पत्र्याचं शेड टाकलंय आणि तिथेच झोपतात. मला विचारलंसुद्धा नाही. वास्तविक आता आवाज बंद झालेत. गावात बरेचसे लोक घरात परतलेत. सरकारी माणसं येऊन जमिनीला यंत्र लावून गेली, घाबरू नका म्हणाली. म्हणजे माझंच म्हणणं, फक्त यंत्रासहित.
आप्पाला म्हटलं, बघ. जमीन गप्प झाली की नाही?
आप्पा म्हणाला, गप्प झाली त्याचंच भ्या वाटून राहिलंय.
खेडवळ तर्क. लिहून ठेवतो, परिशिष्टात 'लोकसमजुती' म्हणून जाईल.

२० जून.
चिरंजीव रुद्रेश बारावीत. पहाटे पाचला सायकलींचा लोंढा गल्लीतून जातो, त्यात आमचाही एक. इतक्या पहाटे इतिहासासाठी या गावात कुणी उठत नाही. मीही नाही; जाग येते ती सायकलींच्या घंट्यांमुळे.
प्राचार्यांनी बोलावून सांगितलं की कला शाखेची तुकडी पुढच्या वर्षी राहील की नाही सांगता येत नाही. मी म्हटलं, तोवर माझा ग्रंथ येतोय, मग विद्यार्थी रांग लावतील. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. भारावले असावेत.
रुद्रेशला वंशावळ पाठ करायला दिली. सात पिढ्या. त्यानं कागद घेतला आणि मागच्या बाजूला बेंझीनची कडी काढली. कडीत सहाच कोपरे आहेत. मी दाखवून दिलं की आपल्याकडे एक पिढी जास्त आहे.

१८ जुलै.
प्रकरण तिसरं. हे मी सर्वोत्तम लिहिलंय.
रुद्राप्पा देशमुख. सोळाशे तीसचा दुष्काळ. सलग पाऊस नाही, माणसं झाडाची साल खाऊन राहिलेली, आणि बोरगव्हाणची पेवं ज्वारीनं भरलेली. बावीस गावं दारापुढे येऊन बसली. रुद्राप्पानं दार लावून घेतलं. किल्ल्या कमरेला. म्हणाला, एकदा दार उघडलं की ते देशमुखाचं राहत नाही. केवढी दूरदृष्टी. सून चन्नम्मानं पहाटे मागची दिंडी उघडून होईल तेवढं धान्य वाटलं आणि पोरं घेऊन त्या लोकांबरोबर गोदावरीकडे चालत गेली. नांदेडच्या बाजूला नदीत डोह उरले होते. तळटीप. पुढं मोगलांची तुकडी आली तेव्हा गावात एकटा रुद्राप्पा, दाराशी, किल्ल्यांसकट. त्याला मारावंही लागलं नाही, तो आधीच गेला होता.
हे वाचून सौ.चे डोळे भरून येतील असं वाटलं होतं. तिनं विचारलं, चन्नम्माचं पुढं काय झालं? मी म्हटलं, त्याला साधन नाही. ती म्हणाली, तिच्याबद्दल लिवा की मग.
स्त्रियांना इतिहासात नको तिथे रस.

८ ऑगस्ट. नांदेड.
प्रकरण चौथं आणि उरलेली तीन घेऊन जिलानीभाईंच्या छापखान्यात. जुने गृहस्थ, तीन पिढ्या छपाईत, हिंदी-उर्दू-मराठी तिन्ही खिळे एकाच खोलीत. चौथ्यात चन्नबसप्पा : उदगीरच्या लढाईच्या वेळी त्यानं निजामाला आणि मराठ्यांना, दोघांनाही घोडी पाठवली आणि दोन्ही बाजूंसाठी हार तयार ठेवून दारात उभा राहिला. दोन्ही बाजूंचे लुटारू एका दिवसात येऊन गेले. तो दारातच पडला, हार त्याच्या गळ्यातच राहिला. (बायको पोरं घेऊन औशाला गेली. तळटीप.) मुत्सद्दीपणाचा विलक्षण नमुना. त्याच्यानंतर बावीसाची तीन गावं, तीनाचं एक, एकाची पाटीलकी, पाटीलकीचं किराणा दुकान. हा उतार तीन प्रकरणांत वेगानं उरकलाय.
जिलानीभाईंनी बसून सगळं वाचलं. मग म्हणाले, सर, लई चांगलं हाय, पण पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या अन् चौथ्या प्रकरणाचा शेवट एकच हाय. तो खिळा जुळवून तसाच ठिवू का? दर बारीला सोडायचं कामच न्हाई.
मी त्यांना समजावलं की याला सूत्र म्हणतात. ते म्हणाले, हाव, सूत्र तर हाय.
ग्रंथ आठशे पानांचा ठरला होता. चौसष्टचा होतोय. घट्ट झाला.

९ ऑगस्ट.
जिलानीभाईंचा किस्सा घरी सांगितला. हसू येईल म्हणून सांगितला. सौ. डबे पुसत होती. पुसता पुसता थांबली आणि म्हणाली,
"दर बारीला बाप्या दारात मेला अन् बाई लेकरं घेऊन बाहेर पडली. म्हणजे दारात मेलेल्यांचा वंश न्हाईच. आपण सगळी पळालेल्या बायांची लेकरं."
रुद्रेश मोठ्यानं हसला. वर्षात पहिल्यांदा हसला असेल.
मी म्हटलं, इतका सोपा अर्थ असता तर पीएच.डी. कशाला लागली असती. (मी केलेली नाही, पण तत्त्व म्हणून.) मग चहा घेतला. चौथा.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदन करून येताना कल्पना सुचली. प्रकाशन बोरगव्हाणलाच. घराण्याच्या सगळ्या शाखा बोलवायच्या : उदगीर, देगलूर, निलंगा, औसा. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी सगळ्यांनी मुक्कामाला यायचं, रात्री भजन, सगळ्यांनी मूळ घराच्या छपराखाली झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात प्रकाशन. चारेकशे वर्षांनी घराणं एका छपराखाली. लातूरच्या पेपरात फोटो यायला हरकत नाही.
या वेळी सगळं वेळेवर. अगदी वेळेवर.

२२ ऑगस्ट. बोरगव्हाण.
आप्पा अजून शेडातच. मी म्हटलं, आप्पा, सोयरे येणार. देशमुख पत्र्याखाली झोपलेला त्यांनी बघायचा का? घर उघडा, सारवा, आणि आजपासून झोपायला सुरुवात करा. घरात माणूस झोपलं की घराला ऊब येते.
आप्पानं तंबाखू मळून दाढेला लावली. मग म्हणाला,
"तू शिकलेला हायस शिवलिंग. तू म्हणतूस तर ऱ्हातो."
वहिनी म्हणाल्या, मी राखणीला शेडातच हाय, डुकरं लई झालीत. आप्पाच्या मानानं बाई हट्टी. पण कार्यक्रमाला यजमान घरात असणं महत्त्वाचं, तेवढं झालं.
घर बघून समाधान वाटलं. भिंती माझ्या हाताच्या लांबीएवढ्या जाड, वर मणामणाची माती. अशी घरं आता बांधत नाहीत.

१२ सप्टेंबर.
आप्पाचं पोस्टकार्ड. अक्षर कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. पुन्हा आवाज येऊन राहिलाय. ओसरीच्या भिंतीला फट पडली, पंजा आत जातो. काय करू?
उलट टपाली कळवलं : फटीत माती भरून वरून चुना मारून घ्यावा. पाहुणे दोन आठवड्यांवर.

१९ सप्टेंबर. गणपती बसले.
निमंत्रणपत्रिका छापून आल्या. चौसष्ट पत्ते. टाकायचं काम सौ.नं आपणहून मागून घेतलं. शेवटी तिलाही घराण्याची ओढ लागली. मी डब्यांबद्दलचा निषेध मनातल्या मनात मागे घेतला.

२५ सप्टेंबर. नांदेड.
पुस्तकं तयार नाहीत. वीज दिवसातून आठ तास नसते, त्यातून गणपतीची पत्रकं, आरत्यांची पुस्तकं, दुकानांच्या जाहिराती. जिलानीभाईंनी माझ्यासमोर हात जोडले. मी तिथेच थांबायचं ठरवलं. मालक उभा असला की काम होतं. त्यांच्या घरी जेवतो. रजियाभाभी वरण फार छान करतात, जेवण माझ्यासाठी वेगळं, लसणाशिवाय. मी लसूण खातो हे सांगायचं राहून गेलं.

२८ सप्टेंबर.
पीसीओवरून लातूरला शेजारच्या दुकानात फोन केला. सौ.ला बोलावून घेतलं. तयारी विचारली.
ती म्हणाली, तयारी कशाची. कुणी येणार नाही.
वहिनी मागच्या सोमवारी लातूरला आल्या होत्या म्हणे. मला न भेटता गेल्या. नाही, मी घरी होतो, झोपलो होतो. त्यांनी सौ.ला फटीचं सांगितलं. चुना मारला तसा फटीनं पुन्हा तोंड उघडलं म्हणे. सौ.नं निमंत्रणं टाकलीच नाहीत. त्याऐवजी चौसष्ट कार्डं लिहिली : कार्यक्रम दिवाळीनंतर, तारीख कळवू. आप्पालाही एक. रुद्रेशनं पत्ते लिहिले. म्हणजे तोही कटात.
मी फोनमध्ये जे बोललो ते लिहीत नाही. पीसीओवाल्यानं काचेचं दार लावून घेतलं.
सौ. एवढंच म्हणाली, तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, मी लेकरं तिथं झोपवणार नाही.
घराण्यात फितुरी नवी नाही. पण मी चन्नबसप्पा नाही. सोयरे न येवोत. मी, आप्पा, गावची चार माणसं, एवढ्यात प्रकाशन होईल. तारघरात जाऊन आप्पाला तार केली : कार्यक्रम नक्की. घर सोडू नये. शिवलिंग.
तारमास्तर म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत पोचेल, कदाचित उशीरही होईल.

२९ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. नांदेड.
पुस्तकं शिवून झाली, कव्हर चिकटवायचं बाकी. दुपारची गाडी गेली. संध्याकाळी मिरवणुकांमुळे रस्ते बंद, स्टँडकडे जाता येईना. घाटाकडे नुसता गुलाल आणि ढोल. छापखान्यात बसून मी आणि जिलानीभाई खळ लावून राहिलो. उद्या पहाटेच्या गाडीनं निघतो. दहापर्यंत बोरगव्हाण. मोठ्या माणसांची प्रकाशनं उशिराच होतात.
भाषणाचा पहिला परिच्छेद तयार : 'या दारानं काय पाहिलं नाही?'

३० सप्टेंबर, गुरुवार. सकाळी सहा.
पहाटे हललं. मी बाकावर पडलो होतो, बाक चाललं. खिळ्यांच्या पेट्या खाली आल्या, तिन्ही भाषांचे खिळे एकात मिसळले. माझं परिशिष्ट जुळवलेलं होतं, तेही त्यात. जिलानीभाई आणि भाभी रस्त्यावर उभे, अख्खी गल्ली रस्त्यावर. नुसती धावपळ. मी सगळ्यांना सांगितलं की दख्खनचा कातळ
स्टँडवर जातो. गाडी आहे का बघतो.

३० सप्टेंबर. लातूर.
उमा आणि रुद्रेश ठीक. घराला तडे.
औशाच्या पुढं गाड्या सोडत नाहीत. लोक बोलतात ते खरं नसावं. एवढी गावं एकदम कशी

१ ऑक्टोबर.
बोरगव्हाण राहिलं नाही.

५ ऑक्टोबर.
आज लिहितो.
पाऊस होता. ट्रकमधून गेलो, मग चिखलातून चालत. लष्कराची माणसं, धूर, फिनेलचा वास. मी चार प्रकरणांत ज्या दाराचं वर्णन केलं, ते नेमकं कुठं होतं मला सांगता येईना. दगड सगळे सारखेच दिसतात. चिंचेच्या झाडावरून वहिनींनी जागा दाखवली.
वहिनी शेडात होत्या म्हणून आहेत. पत्रा हलला, वाजला, जागच्या जागी राहिला. आप्पा ओसरीत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ढिगाऱ्यातून निघाला. शेजारी सतरंज्यांची थप्पी, पाहुण्यांसाठी मागून आणलेल्या.
आपल्यात जाळत नाहीत, माती द्यायची रीत. वहिनी म्हणाल्या, ती मिळाली त्यांना. तिथं सगळ्यांना एकत्रच अग्नी दिला. लाकडं ओली होती.
गाव मोठं नव्हतं. आता किती उरलं ते मोजणारी माणसं वेगळी आहेत.
येताना वहिनींना घेऊन आलो. उमानं त्यांना हाताला धरून आत घेतलं. आंघोळीला पाणी दिलं, आपल्याच साड्यांतली एक नेसायला दिली, आणि भाकरी थापायला बसली. थोड्या वेळानं वहिनीही शेजारी बसून थापायला लागल्या. क्लासची बरीच पोरं गावी पळाली होती, पण जी राहिली त्यांना डबा लागतोच.

९ ऑक्टोबर.
रुद्रेशनं रात्री जेवताना सांगितलं की त्या चौसष्ट कार्डांचं त्यानं काल मनातल्या मनात गणित केलं. घरटी चार माणसं धरली तरी.  ताट तसंच ठेवून उठला.
उमा माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

१७ ऑक्टोबर.
जिलानीभाईंचा निरोप आला : बांधलेले गठ्ठे तयार आहेत, कुठं पाठवू? उत्तर दिलं नाही.
कारण मला आता दिसतंय की ग्रंथ अपुरा आहे. आठवं प्रकरण हवं. आप्पाचं. गेले चार दिवस तेच लिहून राहिलोय, आणि पहिल्यांदाच रोज दोन पानं होतायत. 'घराण्याचा शेवटचा देशमुख. भोवतालचं गाव भयानं शेतात पळालं, पण सिद्रामप्पा आपल्या पूर्वजांच्या दारात उभा राहिला.' यात आप्पाचं सार्थक आहे. नाहीतर त्याचं मरण नुसतं मरण राहील.
संध्याकाळी वहिनींना वाचून दाखवलं. त्या जात्याशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या,
"त्ये दार सोडून निघाले हुते, भावजी. उमाबाईचं कार्ड आलं तवापासून माझ्यासंगं शेडातच झोपत हुते. त्या दिवशी बी निघाले हुते, कंदील घेतला हुता हातात. तेवढ्यात तुमची तार आली. मास्तरानं वाचून दाखवली. म्हणले, शिवलिंग म्हणतोय तर आजची रात ऱ्हातो."
राग नव्हता आवाजात. मी केलेली एखादी चूक दुरुस्त करावी तसं सांगितलं.
मी म्हटलं, तार उशिरा पोचेल असं तारमास्तर म्हणाले होते.
त्या म्हणाल्या, न्हाई. येळेवर आली.

१८ ऑक्टोबर.
काही नाही.

१ नोव्हेंबर.
कॉलेज सुरू. वर्गात चार जण. पुस्तक उघडलं. बहमनी सल्तनतीचं विघटन, पान एकशे बारा. मी फळ्यावर शीर्षक लिहिलं आणि तास संपेपर्यंत पोरांना डिक्टेशन दिलं. एकानं विचारलं, सर, तुम्ही या धड्याला गोष्ट सांगता ना दरवर्षी? म्हटलं, परीक्षेला येत नाही.

१२ नोव्हेंबर.
वहिनींबरोबर बोरगव्हाणच्या तात्पुरत्या वस्तीत गेलो. माळावर पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. नावनोंदणी होती, ज्याचं नाव लागेल त्याला खोली, पुढं घर. उमा म्हणाली होती, वहिनींनी इथंच राहावं, आपल्याकडे. पण वहिनींना शेतापासून लांब जायचं नाही. ज्वारी उभी आहे.
टेबलामागे एक तरुण अधिकारी. गावोगाव हेच करून डोळे लाल झालेले. आमचा नंबर आला तेव्हा त्यानं वर न बघता विचारलं, घरातला कर्ता कोण?
मी पुढे झालो. घशाशी सगळं तयार होतं : वीरप्पापासूनचं. अधिकाऱ्यानं पेन टेकवून ठेवलं होतं. मी एक पाऊल मागे आलो.
वहिनी म्हणाल्या, "मी हाय. केवळाबाई सिद्रामप्पा बोरगव्हाणे."
त्यानं लिहून घेतलं. मग पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, तुम्ही कोण?
मी म्हटलं, मी नुसता सोबत आलोय.